जहागिरीची संपत्ती, जनतेचा वारसा

तलवारीचे रणांगणावरील काम संपले म्हणजे तिच्यापुढे तीनच वाटा उरतात : देव्हारा, भट्टी किंवा बाजार. यांपैकी कोणती वाट तिच्या नशिबी येते, हे तिच्या धारेपेक्षा धन्याच्या सांपत्तिक स्थितीवर अधिक अवलंबून असते. जपानात १८७६ साली सामुराईंना कमरेला तलवार लावून हिंडण्याची बंदी झाली. त्याच वर्षी त्यांची वंशपरंपरागत वेतने बंद होऊन त्यांच्या हाती सरकारी रोखे पडले. मान गेला आणि मिळकतही गेली. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली शस्त्रे दुकानांत आली. पाते व मूठ यांच्यामध्ये बसविलेली, हाताचे रक्षण करणारी ‘त्सुबा’ नावाची नक्षीदार चकतीदेखील पात्यापासून सुटी होऊन युरोपातील दिवाणखान्यांत जाऊन बसली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्रकायदा आला आणि येथेही शस्त्र बाळगणे ही परवान्याची बाब ठरली. जगाच्या बाजारात आलेल्या अशा वस्तू ज्यांनी हौसेने वेचल्या, त्यांत हैदराबादचे तिसरे सालारजंग, नवाब मीर युसुफ अली खान, यांचे स्थान फार वरचे आहे.

या घराण्याचा आणि मराठवाड्याचा संबंध जुना आहे. कंपनी सरकारचे कर्ज फेडता न आल्याने निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्यानंतर लगेच दिवाणपद हाती आले ते मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, यांच्या. सारावसुलीचा मक्ता देण्याची घातक पद्धत मोडून त्यांनी पगारी अधिकारी नेमले, जिल्हाबंदी केली आणि राज्याची पत सावरली. १८६० साली धाराशिव व रायचूर दोआब निजामाकडे परत आले. तिसरे सालारजंग हे या कर्तबगार दिवाणांचे नातू होत.

त्यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. महिना पुरा होण्याच्या आतच वडील, दुसरे सालारजंग, निवर्तले आणि तान्ह्या बालकाकडे अफाट जहागीर आली. अजिंठा हे गावही याच जहागिरीत होते. १९१२ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना दिवाण नेमले. परंतु आजोबांना लाभलेला काळ आणि मोकळीक नातवाच्या वाट्यास आली नाही. १९१४ च्या अखेरीस त्यांनी पद सोडले. त्यानंतर निजामांनी काही वर्षे दिवाणाविनाच कारभार केला.

पंचविशीतच राजकारणातून बाजूला झालेल्या या माणसाने उरलेली पस्तीस वर्षे संग्रहाला वाहिली. ते अविवाहित राहिले. जहागिरीच्या उत्पन्नाचा मोठा भाग वस्तूंच्या खरेदीत जाऊ लागला. परदेशच्या प्रवासात ते वस्तू घेत, आणि घरबसल्याही घेत. कारण असा गिऱ्हाईक लाभल्यावर व्यापारी आपण होऊन त्यांच्या दिवाण देवडीची वाट धरीत. हस्तलिखिते, चिनी माती, घड्याळे, हस्तिदंत, चित्रे यांच्या जोडीला शस्त्रांचे दालन उभे राहिले. तलवारी, कट्यारी, ढाली, चिलखते, बंदुका यांत मोगलाई आणि दख्खन समोरासमोर आले. जहांगिराची कट्यार आणि नूरजहानची फळे कापण्याची सुरी या यशमाच्या कोरीव वस्तू तर या संग्रहाची ख्यातीच होत. अतिपूर्वेच्या विभागात चिनी मातीच्या भांड्यांबरोबर जपानी सामुराईंच्या तलवारीही आल्या. ज्यांच्या धन्यांचे वेतन रोख्यांत जिरले, त्या तलवारींना मुसीकाठच्या एका जहागीरदाराच्या घरी आसरा मिळाला.

२ मार्च १९४९ रोजी ते वारले. तेव्हा हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन सहा महिनेही लोटले नव्हते, आणि पुढील पाच-सहा महिन्यांतच जहागिरी नष्ट करणारा कायदा आला. संग्राहक गेला, त्याचा थेट वारस नव्हता, आणि संग्रहाला पोसणारे उत्पन्नही आटले. अशा तिहेरी संकटात संग्रहाचे जे होते ते सर्वपरिचित आहे : वाटण्या, लिलाव आणि पांगापांग. येथे मात्र तसे घडले नाही. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय खुले झाले. नातलगांचे दावे न्यायालयात गेले. परंतु १९५८ साली तडजोड होऊन संग्रह भारत सरकारकडे आला. १९६१ साली संसदेने कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले आणि १९६८ साली तो मुसीच्या दक्षिण तीरावरील स्वतंत्र इमारतीत गेला.

सालारजंगांच्या रसिकतेची स्तुती करताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्यांनी खर्चिलेला पैसा मुळात कुणब्याच्या घामाचा होता. तो शेतसाऱ्याच्या रूपाने वर गेला, तो विहिरी, शाळा वा रस्ते होऊन खाली आला नाही. पाती आणि म्याने होऊन काचेच्या कपाटात बसला. अर्थशास्त्राच्या भाषेत हे अनुत्पादक भांडवल होय. तथापि याच काळात अन्य जहागीरदारांचे असेच उत्पन्न मेजवान्यांत आणि मोटारींत विरून गेले, त्यातले काहीच मागे उरले नाही, हेही ध्यानात घ्यावे लागेल. सालारजंगांनी साठविले ते निदान टिकले, आणि कायद्याने ते ज्यांच्या पैशातून उभे राहिले त्यांच्या मालकीचे झाले. संग्रह घडविण्याचे श्रेय एका माणसाचे आहे. तो वारसा बनला, याचे श्रेय त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या तडजोडीला आणि कायद्याला दिले पाहिजे.

धाराशिव जिल्ह्याने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ईट, भूम, परंडा या टापूत खंडेनवमीला ज्या घरांतून जुनी शस्त्रे पुजली जातात, त्या घरांपुढेही त्याच तीन वाटा आहेत. धाकट्या पिढीचा देव्हाऱ्याशी संबंध सैल होत आहे आणि भंगारवाला व दलाल दारापर्यंत आले आहेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. पण जिची नोंदच नाही, ती वस्तू गेल्याचे कळणार कोणाला? यासाठी नवाबाची तिजोरी लागत नाही. याच जिल्ह्यात तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघालेल्या वस्तू निष्ठेने गोळा केल्या आणि त्यांतून आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे आहे. वस्तू मालकाच्या घरीच राहू द्यावी. तिचे छायाचित्र, माप आणि तिच्यामागची हकीकत तेवढी गावोगाव टिपून तेरच्या संग्रहालयात ठेवावी. शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना एका सुटीत पेलण्याजोगे हे काम आहे. सामुराईची तलवार हैदराबादेत सुखरूप राहावी आणि परंड्याच्या शिलेदाराची तलवार किलोच्या भावाने जावी, ही विसंगती दूर करणे आपल्याच हाती आहे.