बॅटमॅन घडवणाऱ्या बिल फिंगरचं नाव सिनेमात यायला ७७ वर्षं लागली...

२०२२ साली मॅट रीव्हजचा 'द बॅटमॅन' आला आणि कॉमिक्सचे जुने फॅन्स खुश झाले. कारण या सिनेमातला बॅटमॅन नुसती मारामारी करत नाही. तो गुन्ह्याच्या जागी जातो, पुरावे बघतो, कोडी सोडवतो. थोडक्यात काय, तर कॉमिकमधला डिटेक्टिव्ह अखेर पडद्यावर आला.

पण कॉमिकमधला हा डिटेक्टिव्ह घडवला कुणी?

बहुतेकांना एकच नाव माहिती असतं, बॉब केन. खरी मेहनत मात्र ज्याची होती, त्याचं नाव बिल फिंगर.

बिलचा जन्म ८ फेब्रुवारी १९१४ चा, अमेरिकेतल्या डेन्व्हरचा. घर ज्यू, वडील शिंपीकाम करायचे. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आलं. बिलला लेखक व्हायचं होतं, पण तो काळ महामंदीचा. शाळा संपली आणि तो बुटांच्या दुकानात सेल्समन म्हणून कामाला लागला.

अशात एका पार्टीत त्याची ओळख बॉब केनशी झाली. केन चित्रकार होता, त्याला गोष्टी लिहून देणारा माणूस हवा होता. १९३८ मध्ये बिल त्याच्यासाठी लिहायला लागला.

त्याच वर्षी सुपरमॅन आला आणि तुफान गाजला. प्रकाशकांना आता दुसरा सुपरहिरो हवा होता. केनने घाईघाईत एक चित्र काढलं. लाल कपडे, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख. नाव बॅटमॅन.

चित्र बिलला दाखवलं आणि इथंच सगळं बदललं.

बिलने पंख काढून वटवाघळासारखी केप द्यायला सांगितलं. टोकदार कानांचा, अर्धा चेहरा झाकणारा मुखवटा सुचवला. हातमोजे दिले, लाल रंग घालवून काळा-करडा आणला. मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात बॅटमॅनची पहिली गोष्ट आली, तीही बिलनेच लिहिलेली.

ब्रूस वेन हे नावही त्याचंच. ब्रूस आलं स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूसवरून, तर वेन आलं अमेरिकन सेनानी अँथनी वेनवरून. गॉथम हे शहराचं नाव त्याला टेलिफोन डिरेक्टरीतल्या एका ज्वेलर्सच्या नावावरून सुचलं. आईवडिलांच्या खुनाची गोष्ट, रॉबिन, कॅटवुमन, पेंग्विन, रिडलर या सगळ्यांच्या जन्मात त्याचा हात होता. काही विचित्र दिसलं, वाचलं की तो वहीत टिपून ठेवायचा आणि गोष्टीत वापरायचा.

मग नाव कुठं अडकलं?

तर केनने प्रकाशकांशी करार करताना निर्माता म्हणून एकट्याचंच नाव लावून घेतलं. बिल तेव्हा केनचा पगारी लेखक. स्वभावाने भिडस्त, त्यामुळे तो भांडलाच नाही. वर्षानुवर्षं अंक निघत राहिले आणि प्रत्येकावर नाव फक्त केनचं.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॉमिक्स संमेलनात बिलने फॅन्ससमोर आपलं काम सांगितलं. ते छापून आलं तसं केनने जाहीर पत्र लिहून सगळं फेटाळलं. पुढच्याच वर्षी बॅटमॅनची टीव्ही मालिका आली. त्यातल्या एका दोन भागांच्या गोष्टीचा सहलेखक म्हणून बिलचं नाव झळकलं. पण बॅटमॅनचा निर्माता म्हणून नाही.

१८ जानेवारी १९७४ ला वयाच्या ५९ व्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये गेला. शेवटची वर्षं पैशांच्या ओढाताणीतच गेली. त्याचा मुलगा फ्रेडने ओरेगॉनच्या किनाऱ्यावर वाळूत त्याची राख वटवाघळाच्या आकारात पसरली. पुढं लाट आली आणि ती घेऊन गेली.

१९८९ मध्ये टिम बर्टनचा सिनेमा आला, त्यातही श्रेय एकट्या केनला. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात मात्र केनने बिलचा वाटा मान्य केला. पण करार जागच्या जागी राहिला.

शेवटी फॅन्सनीच हा विषय लावून धरला. मार्क टायलर नोबलमन या लेखकाने बिलची नात अथीना हिला शोधून काढलं, २०१२ मध्ये बिलवर पुस्तक लिहिलं. अथीनानेही हक्कासाठी पाठपुरावा केला. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये डीसीने बिलला श्रेय देण्याची घोषणा केली. २०१६ च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये केनच्या जोडीला बिल फिंगरचं नाव आलं. बॅटमॅनच्या सिनेमात असं पहिल्यांदाच घडलं. पुढच्या वर्षी ब्राँक्समधल्या एका रस्त्यालाही त्याचं नाव दिलं गेलं.

आता 'द बॅटमॅन' पुन्हा आठवा. रिडलरची कोडी, कॅटवुमन, पेंग्विन, गॉथमचा अंधार आणि त्यात पुरावे शोधणारा काळ्या केपमधला माणूस. सिनेमा कॉमिकशी इमान राखतो असं फॅन्स म्हणतात, तेव्हा ते इमान बऱ्याच अंशी बिल फिंगरच्या कामाशी असतं.

त्यामुळं पुढच्या वेळी बॅटमॅनचा सिनेमा लावलात तर नावं स्किप करू नका. त्यातलं एक नाव तिथं यायला ७७ वर्षं लागलीत.