आज आखाती देश क्लब विकत घेतात, १०० वर्षांपूर्वी होळकरांनी नागपूरचे सीके नायडू इंदूरला नेले होते

युरोपात दर उन्हाळ्यात आणि जानेवारीत ट्रान्सफर विंडो उघडते आणि आपल्या मोबाईलवर आकड्यांचा पाऊस सुरू होतो. हा इतक्या कोटींना गेला, त्याला इतका पगार मिळाला. २०१७ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनने नेमारला बार्सिलोनाकडून घेतलं तेव्हा २२.२ कोटी युरो मोजले. या क्लबच्या मागे कतारचा सरकारी पैसा. मँचेस्टर सिटी २००८ पासून अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्याकडे. २०२१ मध्ये न्यूकॅसलमध्ये सौदीच्या सरकारी फंडाचा पैसा आला.

मग कमेंटमध्ये ठरलेला वाद सुरू होतो. एखाद्या देशाची तिजोरीच क्लबच्या मागे उभी राहिली तर बाकीच्यांनी खेळायचं कसं?

आता तुम्हाला वाटेल ही भानगड अलीकडची आणि तिकडची. पण हाच खेळ आपल्याकडे क्रिकेटमध्ये होऊन गेलाय, आणि तो खेळणारी मराठी संस्थानं होती. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या खेळाडूचं नाव होतं कोट्टारी कनकय्या नायडू. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. सगळे त्यांना सीके म्हणायचे.

नागपूरचा पोरगा

सीकेंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घराणं तेलुगू भाषिक, पण नागपुरात स्थिरावलेलं आणि चांगलं सुखवस्तू. शिक्षण तिथल्याच हिस्लॉपमध्ये. शाळेच्या मैदानावरच पोराच्या हातातली ताकद लोकांच्या लक्षात आली होती.

त्या काळी देशातलं सगळ्यात मोठं क्रिकेट म्हणजे मुंबईची स्पर्धा. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे संघ धर्मावर पडलेले. १९१६ मध्ये सीके हिंदूंच्या संघातून पहिला मोठा सामना खेळले. संघाची अवस्था वाईट होती, समोर युरोपियन गोलंदाज होते. सीकेंनी आल्या आल्या खातं उघडलं ते थेट षटकाराने.

नाव झालं, पण पोट कशावर भरायचं?

इंग्लंडमध्ये क्रिकेटचे पगारी खेळाडू होते. फुटबॉलमध्ये तर आठवड्याचा पगार ठरलेला असायचा, आणि १९२८ मध्ये आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी १० हजार पौंडांच्या वर रक्कम मोजून खळबळ उडवली होती. भारतात यातलं काहीच नव्हतं. रणजी करंडक सुरू व्हायला १९३४ साल उजाडायचं होतं. खेळून मिळायच्या त्या टाळ्या. ज्याच्या घरी पैसा तो खेळायचा, बाकीचे नोकरी सांभाळून जमेल तसं.

ही अडचण सोडवली राजेमहाराजांनी.

१९२३ चा ट्रान्सफर

इंदूरचं होळकर घराणं आपल्याला नवं नाही. नीरेकाठच्या होळ गावावरून त्यांचं आडनाव आलं. शेंद्र्याहून संभाजीनगर ओलांडून वेरूळला गेलात की घृष्णेश्वराचं जे मंदिर दिसतं, ते याच घराण्यातल्या अहिल्याबाईंनी बांधून घेतलेलं. घराणं मराठी, राज्य माळव्यात.

१९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी सीकेंना इंदूरला बोलावलं आणि संस्थानच्या फौजेत कॅप्टन केलं. काम मुख्यतः एकच, क्रिकेट खेळायचं आणि संस्थानचं नाव मोठं करायचं. पुढे ते कर्नल झाले आणि शेवटपर्यंत कर्नल सीके नायडू म्हणूनच ओळखले गेले.

यालाच त्या काळचा ट्रान्सफर म्हणता येईल. फरक एवढाच की आज खेळाडू घेताना नवा क्लब जुन्या क्लबला पैसे मोजतो. बार्सिलोनाचा नेमार गेला, पण तिजोरीत रक्कम आली. सीके इंदूरला गेले तेव्हा नागपूरला दमडीही मिळाली नाही. करार नाही, किंमत नाही, मुदत नाही. महाराजांनी फौजेत हुद्दा दिला की खेळाडू त्या गावचा रहिवासी झाला, विषय संपला.

या रकमा येत कुठून होत्या? तिकीटविक्रीतून तर नक्कीच नाही. संस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे शेतसारा आणि राज्याचा बाकी महसूल. संघाने कमवून दाखवावं अशी अपेक्षाच नव्हती. आखाती पैशावर चालणाऱ्या क्लबांवर जो आक्षेप घेतला जातो, तो इथे जसाच्या तसा लागू होतो.

११ षटकार आणि देशाची टोपी

पण त्या पैशाने एक गोष्ट नक्की झाली. सीकेंना पोटाची चिंता उरली नाही आणि ते खेळाला मोकळे झाले.

डिसेंबर १९२६. आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर सीकेंनी त्यांची धुलाई केली. १५३ धावा, त्यात ११ षटकार. एमसीसीने खूश होऊन त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय लोक कसोटी खेळू शकतात हे इंग्रजांना पटायला ही खेळी उपयोगी पडली. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, बीसीसीआयची स्थापना झाली.

१९३२ मध्ये भारत पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला निघाला. कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. कर्णधारपद खेळावर नव्हे, घराण्यावर ठरायचं. पण पोरबंदरच्या महाराजांना स्वतःच्या खेळाची कल्पना होती आणि ते बाजूला झाले. उपकर्णधाराला दुखापत झाली होती. त्यामुळे २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर नाणेफेकीला गेले ते सीके. वय ३६. पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावाही त्यांच्याच. सामना भारत हरला, पण त्या दौऱ्यात सीकेंनी प्रथम श्रेणीत १,६०० हून जास्त धावा काढल्या आणि १९३३ मध्ये विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये निवडलं.

पैशाने कर्णधारपदही मिळतं

राजांच्या पैशाची दुसरी बाजू १९३६ मध्ये दिसली.

विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी, यांना क्रिकेटचं भयंकर वेड. १९३०-३१ मध्ये तर त्यांनी आपल्या संघातून खेळायला थेट इंग्लंडहून जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ यांना बोलावून घेतलं होतं. म्हणजे तेव्हाचे मेसी आणि रोनाल्डो. खेळाडू आणता येतात, तर कर्णधारपद का नाही? पैसा आणि ओळखी वापरून १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचं कर्णधारपद त्यांनी मिळवलं. तीन कसोटींत त्यांच्या मिळून धावा झाल्या ३३. संघात गट पडले, लाला अमरनाथांना दौऱ्याच्या मध्यातूनच घरी पाठवलं गेलं.

चाळिशीतले सीके याच कर्णधाराच्या हाताखाली खेळले. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत अंगावर चेंडू खाऊनही त्यांनी ८१ धावा केल्या. ही त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी आणि हीच शेवटची कसोटी. सगळ्या मिळून फक्त सात कसोटी त्यांच्या वाट्याला आल्या.

होळकरांची गॅलॅक्टिको टीम

देशासाठी खेळणं संपलं, पण इंदूरचं मोठं काम पुढेच होतं.

१९४१ पासून रणजीत होळकर या नावाने संघ उतरला. तोवर गादीवर होते यशवंतराव होळकर आणि कर्णधार होते सीके. इंदूरचे मुश्ताक अली होतेच, ज्यांना सीकेंनी घडवलं होतं. त्यांच्या जोडीला चंदू सरवटे आले, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आले. सीकेंचे धाकटे भाऊ सीएस नायडू बडोद्याकडून खेळायचे, १९४४-४५ च्या हंगामात तेही होळकरांकडे आले. आजच्या भाषेत सांगायचं तर थेट प्रतिस्पर्धी क्लबमधून उचल.

बडोद्याचे गायकवाडही मागे नव्हते. सांगलीचे विजय हजारे आधी देवासच्या पवारांच्या पदरी होते, नंतर ते बडोद्याला गेले. म्हणजे होळकर, गायकवाड, पवार या तीन मराठी घराण्यांत खेळाडूंची ओढाओढ चालली होती.

१९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर होळकरांकडून डेनिस कॉम्प्टन खेळला. इंग्लंडचा कसोटी फलंदाज आणि आर्सेनलचा फुटबॉलपटू. महायुद्धामुळे लष्करात होता आणि नेमणूक इंदूरजवळच्या महूला. समोर मुंबई. विजय मर्चंटनी २७८ केल्या, होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला, तरी संघ ३७४ धावांनी हरला. त्याला शतकापुढच्या प्रत्येक धावेमागे पैसे देईन असं इंदूरच्या एका व्यापाऱ्याने कबूल केलं होतं आणि धावा वाढत गेल्या तसा तो गायब झाला, असा किस्सा क्रिकेटवाले आजही सांगतात.

पुढच्याच हंगामात या संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा जणांची शतकं. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि स्वतः सीके. मग बडोद्याविरुद्ध अंतिम सामन्यात पन्नाशीच्या सीकेंनी २०० धावा ठोकल्या आणि होळकरांनी पहिल्यांदा रणजी जिंकली.

१९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत हा संघ १० वेळा अंतिम सामना खेळला आणि चार वेळा जिंकला.

नुसत्या पैशाने हे झालं असतं का? महागडे खेळाडू घेऊन फसलेले क्लब आपण दर वर्षी बघतो. इथे सीकेंची शिस्त होती. चेंडू लागला तरी अंग चोळायचं नाही, समोरच्याला वेदना दिसू द्यायची नाही, असा त्यांचा दंडक. तो स्वतःलाही लागू. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून सीकेंचे दात पडले. वय ५६. ते खेळत राहिले.

आणि एक हिशोब मांडून बघा. मुंबईच्या मागे राजा नव्हता, होती मैदानं आणि क्लब क्रिकेट. होळकर आणि मुंबई चार वेळा अंतिम सामन्यात भिडले, त्यातले तीन मुंबईने जिंकले.

तिजोरी गेली, संघ गेला

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. संघ काही वर्षं जुन्याच नावाने खेळत राहिला. १९५२-५३ मध्ये सीकेंनी वयाच्या ५७ व्या वर्षी चौथ्यांदा करंडक उचलला. तो होळकरांचा शेवटचा. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासकडून हरल्यावर होळकर हे नाव रणजीतून कायमचं गेलं.

ज्या संघाचा सगळा डोलारा एका दरबारावर उभा होता, तो दरबार उठल्यावर टिकला नाही. पुढे त्या भागाचा मध्य प्रदेश संघ झाला आणि त्याला कित्येक दशकं करंडकाची वाट बघावी लागली.

सीके मात्र थांबले नाहीत. आंध्रकडून खेळले, १९५६-५७ मध्ये ६१ व्या वर्षी उत्तर प्रदेशकडून रणजीत उतरले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदुरातच त्यांचं निधन झालं. नागपूरहून महाराजांनी नेलेला माणूस तिथलाच झाला होता. आज बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

पण गोष्ट इथे संपत नाही.

१९२३ मध्ये ज्या नागपूरचा हिरा फुकटात गेला, त्या नागपूरच्या विदर्भ संघाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. अंतिम सामना दिल्लीशी होता आणि मैदान होतं इंदूरचं होळकर स्टेडियम. कर्णधार फैज फजल नागपूरचाच, प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित. पुढे हेच पंडित मध्य प्रदेशला गेले आणि जून २०२२ मध्ये मुंबईला हरवून त्यांनी तो करंडक इंदूरच्या वाट्याला परत आणला. होळकरांच्या शेवटच्या विजेतेपदानंतर तब्बल ६९ वर्षांनी.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या आखाती क्लबने कोणाला तरी अब्जावधीला उचलल्याची बातमी आली, तर तो जिंकेल का यासोबत आणखी एक प्रश्न विचारून बघा. उद्या मालकाने हात काढून घेतला, तर त्या गावात पोरांना खेळायला काय उरेल?