पुन्हा पुन्हा परतणारा लुई आर्मस्ट्राँग

परवा माझी नात लेवे या आइसलंडच्या तरुण गायिकेची गाणी ऐकत बसली होती. 2024 साली या गायिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तिच्या गाण्यांवर जुन्या जॅझची छाया स्पष्ट दिसते. जॅझची पुन्हा फॅशन येते आहे काय, असे नातीने मला विचारले. मला चटकन उत्तर सुचेना, कारण हा प्रश्न काही नवा नाही. 2003 साली पंडित रविशंकरांची कन्या नोरा जोन्स हिने ओंजळभर ग्रॅमी पारितोषिके नेली, तेव्हाही लोक हेच विचारीत होते. 2014 साली वृद्ध टोनी बेनेट आणि लेडी गागा यांचा जुन्या गाण्यांचा संग्रह अमेरिकेत विक्रीत पहिला आला, तेव्हाही हेच. माझ्या मते याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते. तो माणूस म्हणजे लुई आर्मस्ट्राँग.

आमच्या घरात हे नाव प्रथम आणले ते काकांनी. बडोदे संस्थानच्या बँडात ते क्लॅरिनेट वाजवीत. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे लवकरच काकांनी मुंबई गाठली. तेथे हॉटेलांतून आणि सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांतून ते गोव्याच्या वादकांच्या मांडीला मांडी लावून वाजवू लागले. भास्करबुवा बखल्यांचे नाव कानाला हात लावून घेणाऱ्या आमच्या घराला हे कसे रुचावे? काका मुंबईस नोकरीला आहेत, एवढेच पाहुण्यांना सांगितले जाई. मोठेपणी मीही तेच सांगत असे.

आर्मस्ट्राँगचा जन्म 4 ऑगस्ट 1901 रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात, अत्यंत दरिद्री कृष्णवर्णीय वस्तीत झाला. बाप घर सोडून गेलेला. आई मिळेल ते काम करी. कार्नोफ्स्की नावाच्या एका ज्यू कुटुंबाच्या गाडीवर हा पोरगा कोळसा विके आणि गिऱ्हाइकांना हाक म्हणून पत्र्याची पिपाणी फुंके. 1912 सालच्या अखेरच्या रात्री त्याने गंमत म्हणून रस्त्यात पिस्तूल झाडले आणि त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली. ही शिक्षाच त्याला वर ठरली. तेथील बँडात पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्याच्या हाती कॉर्नेट दिले.

बाहेर आल्यावर जो ऑलिव्हर हा नामांकित वादक त्याला गुरुस्थानी लाभला. मिसिसिपी नदीवरील आगबोटींच्या बँडांत वाजवून हात तयार झाल्यावर, 1922 साली ऑलिव्हरने त्याला शिकागोला बोलावून घेतले. 1925 ते 1928 या काळात त्याने आपल्या छोट्या संचांबरोबर ज्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्यांनी जॅझचे रूपच पालटले. तोवर सारे वादक एकत्र गुंफून वाजवीत. एकट्याने पुढे येऊन आपली कल्पना विस्ताराने मांडावी, ही रीत त्याच्यामुळे रुळली. 1928 सालच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या आरंभी तो साथीवाचून एकटाच ट्रम्पेट वाजवतो. ती सुरावट काही सेकंदांचीच, पण ऐकताना एखाद्या कसलेल्या गवयाची मुक्त तान आठवते. शब्दांवाचून केवळ अक्षरांवर गाण्याचा प्रकारही त्यानेच लोकप्रिय केला.

येथवरचा आर्मस्ट्राँग सर्वांना मान्य आहे. वाद आहे तो पुढच्या आयुष्याबद्दल. 1929 नंतर तो चालू जमान्याची गाणी गाऊ लागला. नाटकातली, सिनेमातली, प्रेमाची, हलकीफुलकी, जे गाणे लोकांच्या तोंडी असेल ते त्याने घेतले. मुखडा घ्यावा, त्यातले निम्मे स्वर गाळावेत, उरलेले किंचित मागेपुढे ठेवावेत, की गाणे त्याचे होऊन जाई. जॅझचे कट्टर भक्त म्हणू लागले की हा बाजारात बसला. पुढच्या पिढीच्या कृष्णवर्णीय वादकांना त्याचे रुमाल घेऊन सदा हसणे खुपू लागले. गोऱ्यांना रिझवण्यासाठी हा हसतो, असा आरोप झाला.

त्या हसण्यामागे काय होते, ते 1957 साली दिसले. लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ देईनात. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर स्वस्थ बसलेले पाहून आर्मस्ट्राँगने वार्ताहरापुढे त्यांच्यावर उघड टीका केली आणि सरकारतर्फे ठरत असलेला रशियाचा दौरा नाकारला. सारी कमाई लोकप्रियतेवर अवलंबून असणाऱ्या माणसाने ती लोकप्रियताच पणाला लावली. लुइझियानाच्या कायद्याने गोऱ्या-काळ्या वादकांनी एकत्र वाजवण्यास बंदी होती, म्हणून आपल्या जन्मगावी वाजवणेही त्याने कित्येक वर्षे वर्ज्य केले. तो तेथे परतला 1965 साली.

मे 1964 मध्ये त्याचे ‘हॅलो, डॉली!’ अमेरिकेच्या यादीत पहिले आले. सलग 14 आठवडे त्या जागी बीटल्स ठाण मांडून होते. त्यांना 62 वर्षांच्या या गृहस्थाने उठवले. 1967 सालच्या ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ची कथा याच्या उलट. कंपनीच्या प्रमुखाला गाणे आवडले नाही, जाहिरात झाली नाही, अमेरिकेत ते पडून राहिले. इंग्लंडात मात्र ते 1968 साली पहिले आले. 6 जुलै 1971 रोजी आर्मस्ट्राँग वारला. पुढे 1987 साली ते गाणे एका चित्रपटात वाजले आणि 1988 साली अमेरिकेच्या यादीत आले. गाणारा जाऊन तेव्हा सतरा वर्षे होत आली होती.

या स्वरांची एक धार आपल्याकडेही आली. गोव्यातील आल्दोनाचा आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, याला लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरले. ‘अलबेला’ (1951) चित्रपटात तो पडद्यावरही दिसतो. त्या गाण्यांवर आमची पिढी डोलली, पण तिच्या अंगात भिनलेल्या ठेक्याचे नाव जॅझ आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

म्हणून मला वाटते, जॅझ फॅशनमध्ये परत येते हे म्हणणे अर्धेच खरे. पोशाख बदलतो, नाव बदलते. पण चालू गाणे घेऊन ते आपल्या श्वासाने गाण्याची खोड लोकप्रिय संगीतातून कधी गेलीच नाही. बालगंधर्वांची नाट्यपदे घरोघर गायली जात, म्हणून त्यांतला राग काही पातळ झाला नाही. हा न्याय आम्ही नाट्यगीताला दिला आणि काकांना मात्र नाकारला.

नातीला मी हे सारे सांगितले. मग तिने विचारले की घरात तुम्हाला हे ऐकवले तरी कोणी. मी तिला काकांचे नाव सांगितले. ते मुंबईस नोकरीला होते असे या वेळी म्हणालो नाही. जॅझ वाजवीत, असे सांगितले.