हाडांच्या मागे लागलेला माणूस

लहान मुलाचे हाड लांब होते म्हणजे नेमके काय होते? ते रबरासारखे सगळीकडून ताणले जाते, की झाडाच्या शेंड्यासारखे टोकाला वाढते? अठराव्या शतकात यावर युरोपातल्या विद्वानांचे एकमत नव्हते. या प्रश्नाचा निकाल लावणाऱ्यांत मी जॉन हंटरला फार वरची जागा देतो. तरीही त्याचे चरित्र वाचताना माझा आदर एका जागी अडखळतो.

हंटर १७२८ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. दहा भावंडांतले शेंडेफळ. शाळेत मन रमले नाही. विसाव्या वर्षी तो लंडनला थोरला भाऊ विल्यम याच्या शरीरशास्त्राच्या वर्गात मदतनीस म्हणून आला आणि शवविच्छेदनात पारंगत झाला. त्या काळी शवे सरळ मार्गाने पुरेशी मिळत नसत. थडगी उकरणाऱ्यांशी व्यवहार करावा लागे, आणि तो धाकट्या भावाच्या गळ्यात पडे. पुढे लष्करात शल्यविशारद, मग सेंट जॉर्ज रुग्णालय. देवीची लस देणारा एडवर्ड जेन्नर हा त्याचाच शिष्य.

हाडांची गोष्ट मात्र एका जेवणापासून सुरू होते. १७३६ च्या सुमारास जॉन बेल्चिअर या शल्यविशारदाला एका कापड रंगवणाऱ्याच्या घरी ताटातल्या डुकराची हाडे लाल दिसली. त्या डुकरांना मंजिष्ठेच्या रंगात भिजलेला कोंडा खायला मिळत असे. (ही युरोपातली मंजिष्ठ, आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीणच म्हणा.) गंमत अशी की, हा रंग त्या दिवसांत नव्याने घडणाऱ्या हाडालाच पकडतो. हंटरने डुकरांना काही दिवस मंजिष्ठ दिली, मग बंद केली. लाल थरावर पांढरा थर चढलेला दिसला. म्हणजे हाड बाहेरून भर घेत जाडावते. पण नुसती भर पडत राहिली असती तर हाडाचा ओबडधोबड सोटा झाला असता. ते आतून झिजत, शोषले जात असते, म्हणून मगजाची पोकळी रुंदावते आणि आकार सांभाळला जातो. हे शोषणाचे महत्त्व ओळखणे, हा माझ्या मते हंटरचा खरा पराक्रम.

लांबीसाठी त्याने कोवळ्या डुकराच्या नडगीत दोन भोके पाडून शिशाचे छर्रे बसवले. डुक्कर मोठे झाले, हाड लांब झाले, पण छर्ऱ्यांमधले अंतर तेवढेच राहिले. वाढ टोकांशी होती. आज आपण जाणतो की तिथे कूर्चेची पट्टी असते. वयात आल्यावर ती हाडात मिटते आणि उंची थांबते. जन्मताना सुमारे तीनशे असलेले हाडांचे तुकडे जुळत जुळत २०६ वर येतात. गळपट्टीच्या हाडाचे आतले टोक तर पंचविशीच्या आसपास सांधते.

आता ती अडखळण्याची जागा. चार्ल्स बर्न हा आयरिश तरुण लंडनमध्ये आपली उंची दाखवून पोट भरत असे. सांगाडा मोजला तर सात फूट सात इंच भरतो. हंटरचा आपल्यावर डोळा आहे हे त्याला ठाऊक होते. मेल्यावर मला समुद्रात बुडवा, असे त्याने मित्रांना विनवले होते. १७८३ च्या जूनमध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. हंटरने पैसे चारून प्रेत पळवले, अर्ल्स कोर्टच्या घरी उकळले आणि हाडे कित्येक वर्षे लपवून ठेवली. विज्ञानाची भूक म्हणून याकडे डोळेझाक करणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. बर्नने स्पष्ट नकार दिला होता.

१७९३ मध्ये रुग्णालयाच्या बैठकीत वाद चालू असताना हृदयविकाराने हंटर कोसळला. त्याचा सुमारे चौदा हजार नमुन्यांचा संग्रह सरकारने १७९९ मध्ये पंधरा हजार पौंडांना घेतला. बर्नच्या हाडांनी नंतर विज्ञानाला पुष्कळ दिले, हेही खरे. १९०९ मध्ये हार्वे कुशिंगने कवटी उघडवली, तेव्हा पीयूषिका ग्रंथीची खोबण वाढलेली आढळली. २०११ मध्ये दातांतून मिळालेल्या डीएनएत या व्याधीचा आनुवंशिक दोष सापडला. आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या काही रुग्णांतही तोच आहे.

लंडनचे हंटेरियन संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढला होता. तो संशोधनासाठी संग्रही आहे. समुद्रात गेलेला नाही. त्याच्या जागी जोशुआ रेनॉल्ड्सने रंगवलेले हंटरचे चित्र लावले आहे. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात, उजवीकडे, बर्नची लांबलचक पावले लोंबताना दिसतात.