फ्रा अँजेलिको

फ्रा अँजेलिको (जन्म : इ.स. १३९५च्या सुमारास, विक्किओ परिसर, इटली. मृत्यू : १८ फेब्रुवारी, इ.स. १४५५, रोम) हे प्रबोधनकाळाच्या आरंभीचे इटालियन चित्रकार आणि डॉमिनिकन संघाचे संन्यासी होते. त्यांचे मूळ नाव ग्विदो दि पिएत्रो. संघप्रवेशापूर्वीच ते चित्रकार होते. फिएझोले येथील मठात दीक्षा घेतल्यावर ते फ्रा जोव्हान्नी झाले. 'अँजेलिको' (देवदूतासमान) हे नाव त्यांच्या मृत्यूनंतर रूढ झाले.

इ.स. १४३६मध्ये फ्लॉरेन्समधील सान मार्को मठ डॉमिनिकनांकडे आला. कोझिमो दे मेदिची यांनी दिलेल्या पैशातून वास्तुविशारद मिकेलोत्सो यांनी त्याची पुनर्बांधणी केली. अँजेलिको व त्यांच्या साहाय्यकांनी तेथील ४०हून अधिक खोल्यांत भित्तिचित्रे काढली. वेदीचित्रांत सोने आणि उंची निळा रंग वापरणाऱ्या या चित्रकाराने येथे मोजके रंग, मोजक्या आकृती व साधी पार्श्वभूमी योजली. ही चित्रे लोकांच्या दर्शनासाठी नव्हती. त्या खोलीत राहणाऱ्या एकट्या संन्याशाच्या चिंतनाला ती आधार होती. नवदीक्षितांच्या खोल्यांत क्रुसावरील ख्रिस्तापुढे संत डॉमिनिक निरनिराळ्या प्रार्थनामुद्रांत दिसतात. प्रार्थना कशी करावी, हे नवदीक्षित त्यांतून शिकत.

इ.स. १४४५च्या सुमारास पोप चौथे युजीन यांनी त्यांना रोमला बोलावले. पुढे पोप पाचवे निकोलस यांच्या खासगी प्रार्थनागृहात त्यांनी संत स्टीफन व संत लॉरेन्स यांची चरित्रे रंगवली. इ.स. १४५०मध्ये ते फिएझोलेच्या मठाचे प्रमुख झाले. रोममधील सांता मारिया सोप्रा मिनर्व्हा चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी इ.स. १९८२मध्ये त्यांना 'धन्य' घोषित केले आणि इ.स. १९८४मध्ये कलावंतांचे आश्रयदाते मानले. सान मार्को मठात आता संग्रहालय आहे.