नेल्सनचे मामा

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात बर्नहॅम थॉर्प नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील धर्मोपदेशकाच्या घरी २९ सप्टेंबर १७५८ रोजी होरेशिओ नेल्सनचा जन्म झाला. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. होरेशिओ नऊ वर्षांचा असताना आई वारली. पुढे या किरकोळ प्रकृतीच्या मुलाने आरमारात जाण्याचा हट्ट धरला, तो मामांच्या भरवशावर. मामा मॉरिस सकलिंग हे आरमारात कप्तान होते.

त्या काळी इंग्लंडच्या पायदळात अधिकारपद पैसे मोजून विकत घेता येई. आरमारात तसे चालत नसे. तेथे वशिला चाले. आपल्या जहाजावर उमेदवारीसाठी कोणती मुले घ्यावीत, हे बहुतांशी कप्तानाच्या मर्जीवर असे. साहजिकच भाचे, पुतणे आणि स्नेह्यांची मुले यांची वर्णी लागे. १७७१ साली मामांनी बारा वर्षांच्या भाच्याला आपल्या जहाजावर घेतले. लाड मात्र केले नाहीत. व्यापारी जहाजावरून त्याला वेस्ट इंडीजला धाडले. १७७३ साली तो उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रात जाऊन आला आणि लगेच हिंदुस्थानकडे निघाला. इकडच्या हवेत तापाने तो मरणाच्या दारी पोचला व १७७६ साली मायदेशी परतला.

तोवर मामा आरमाराच्या कारभारी मंडळाचे प्रमुख झाले होते. ९ एप्रिल १७७७ रोजी भाचा लेफ्टनंटच्या परीक्षेस बसला, तेव्हा परीक्षकांत मामाच होते! उमेदवाराला वीस वर्षे पूर्ण हवीत, असा नियम होता. नेल्सनला एकोणिसावे चालू होते; कागदावर मात्र विसाहून अधिक वय लिहिले गेले. परीक्षा संपेपर्यंत मामांनी नाते उघड केले नाही, असे सांगतात. वयाची ती नोंद पाहिली, की या कथेचे फारसे कौतुक वाटत नाही. तरीही भाच्याला जहाजाची विद्या येत होती, यात शंका नाही.

१७७८ साली मामा वारले. पुढल्याच वर्षी, वीस वर्षांचा असताना, नेल्सन कप्तान झाला. पण १७८८ पासून पाच वर्षे त्याला जहाजच मिळाले नाही. अर्ज करकरून तो थकला. फ्रान्सशी युद्ध जुंपण्याची चिन्हे दिसली, तेव्हा कोठे बोलावणे आले. मग त्याने १७९८ साली नाईलची लढाई जिंकली, आणि २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या विजयातच त्याला वीरमरण आले.

हाती अधिकार आल्यावर नेल्सननेही मामांचाच कित्ता गिरवला होता. सावत्र मुलगा जोसाया निस्बेट याच्यासाठी त्याने वरिष्ठांकडे शब्द टाकला. १७९७ साली टेनेरीफ बेटावरील चढाईत नेल्सनच्या उजव्या हाताला गोळी लागली, तेव्हा रक्तस्राव थांबवून याच मुलाने त्याचे प्राण वाचवले होते. जोसाया अठराव्या वर्षीच कप्तान झाला. परंतु त्याचे सहकाऱ्यांशी पटेना, तक्रारी वाढल्या. १८०० साली त्याचे जहाज इंग्लंडला परतले. त्यानंतर त्याला दुसरे जहाज कधीच मिळाले नाही.