सेटिंगमधल्या 'पीसीएम'मागचा माणूस : ॲलेक रीव्ह्ज

कॉम्प्युटर किंवा टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ आउटपुटमध्ये 'पीसीएम' हा पर्याय तुम्ही पाहिलाच असेल. पीसीएम म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशन. ते शोधलं ॲलेक रीव्ह्ज यांनी.

रीव्ह्ज यांचा जन्म १९०२ मध्ये इंग्लंडमधला. पुढे ते पॅरिसमध्ये आयटीटी कंपनीच्या लॅबमध्ये टेलिफोनवर काम करू लागले. तेव्हा लांबच्या लाईनवर आवाज क्षीण व्हायचा आणि तो वाढवला की खरखरही वाढायची. १९३७ मध्ये रीव्ह्ज यांना वेगळाच मार्ग सुचला. आवाजाची लहर जशीच्या तशी पाठवायचीच नाही. ठरावीक अंतराने ती मोजायची आणि फक्त आकडे पाठवायचे, शून्य आणि एकमध्ये. समोरच्या टोकाला पल्स आहे की नाही एवढंच ओळखायचं, त्यामुळे वाटेतली खरखर मागेच राहते.

१९३८ मध्ये फ्रान्समध्ये पेटंटचा अर्ज झाला, पण उपयोग काय? व्हॉल्व्हच्या जमान्यात असं यंत्र बनवणं परवडणारं नव्हतं. ट्रान्झिस्टर आला १९४७ मध्ये. अमेरिकेत पीसीएमवर टेलिफोन लाईन सुरू व्हायला १९६२ उजाडलं.

१९७१ मध्ये रीव्ह्ज गेले. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजणारी सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. ती त्यांनी पाहिलीच नाही.

आता डिजिटल केबल जोडूनही ॲम्प्लिफायर गप्प असेल, तर आउटपुट 'पीसीएम' करून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.